मशीन रोज अकराला का थांबतं?

हात दाखवून अवलक्षण ही म्हण ज्याने काढली, तो आमच्या कारखान्यातल्या मीटिंगला एकदा तरी बसून गेलेला असणार. नाहीतर इतकं नेमकं सुचणं शक्य नाही.

त्या सोमवारी मॅनेजरबाईंनी विचारलं, "लेबलं छापायच्या मशीनमधली माहिती बाहेर काढून तिचं स्प्रेडशीट कोण करेल?" आणि सगळ्यांनी एकदम आपापल्या वह्यांमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधायला सुरुवात केली. मी हात वर केला. बाईंनी वाकून माझ्या मागे कोणी बसलंय का ते पाहिलं. मागे भिंत होती.

"काका, तुम्ही?"

बाईंचं वय चौतीस, माझं सत्तावन्न. वयाने मी काका लागतो हे मान्य. पण नोंद विभागाच्या प्रमुखाला भर मीटिंगमध्ये काका म्हणू नये. नोंद विभागात मी एकटाच आहे, ही गोष्ट वेगळी. प्रमुख तो प्रमुख.

"त्यात काय एवढं?" मी म्हणालो. "स्प्रेडशीट म्हणजे शेवटी रकानेच ना? रकाने आखण्यात माझं आयुष्य गेलंय."

हात का वर केला, ते खरं सांगतो. त्या आठवड्यात माझ्याशी कोणी बोललंच नव्हतं. 'इथे सही करा' हे बोलण्यात धरलं तर तीन वेळा. घरी तर प्रश्नच नाही. बायको गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणाला गेली, दोन महिन्यांसाठी. त्याला आता चौदा महिने झाले. भांडण नाही, तंटा नाही. रोज संध्याकाळी फोन येतो. "जेवलात का?" असं विचारते आणि फोन नातवाकडे वळवते. नातू माझ्याकडे बघून जांभई देतो. मग ती म्हणते, "बरं, ठेवू?" मी म्हणतो, "ठेव." कधी येणार हे विचारणं मी सोडून दिलंय, कारण त्यावर ती 'बघू' म्हणते आणि ते 'बघू' मला ऐकवत नाही. शेजारीपाजारी विचारतात, त्यांना मी 'पुढच्या महिन्यात' असं सांगतो. महिने काय, पुष्कळ असतात.

असो. कामाचं बोलतो.

आमच्याकडे औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं छापतात. मशीन एकच, पण खोलीभर. आत धूळ जाऊ नये म्हणून ती खोली सतत बंद, आणि आवाज असा की शेजारी उभ्या माणसाने हाक मारली तर नुसते ओठ हललेले दिसतात. तिथे एकच ऑपरेटर, दिवसभर कानांवर जाडजूड टोप्या लावून. त्यांना सगळे मौनीबाबा म्हणतात. त्यांनी कोणाशी चार वाक्यं सलग बोललेली कोणाला आठवत नाहीत.

माझा त्यांच्याशी संबंध रोज सव्वाअकराला यायचा. मी रजिस्टर घेऊन त्या खोलीत जायचो आणि मशीनवरचा छापलेल्या लेबलांचा आकडा उतरवून घ्यायचो. मी जायचो तेव्हा मशीन थांबलेलंच असायचं. मौनीबाबा टोप्या काढून उभे राहायचे, मी आकडा लिहायचो, मान हलवायचो, ते मान हलवायचे, मी निघायचो. अकरा वर्षं हे असं चाललं होतं. माणसांना मधली सुट्टी असते तशी मशीनलाही असेल, असं मी धरून चाललो होतो. चौकशी करणं माझ्या पदाला शोभलं नसतं.

तर मुख्य कचेरीला शंका अशी होती की मशीन रोज अर्धा तास विनाकारण बंद असतं. का, ते शोधायचं होतं. शुक्रवारपर्यंत समाधानकारक कारण मिळालं नाही तर मौनीबाबांची रवानगी गोदामात, खोकी मोजायला, आणि मशीनवर नवा माणूस. बाईंनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला एकदम न्यायाधीश झाल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी घरी जाताना छत्री काठीसारखी टेकत गेलो.

मशीनमधली माहिती पेन ड्राइव्हवर घ्यावी लागते. पेन ड्राइव्ह वापरायला बंदी आहे. बंदी उठवायला अर्ज लागतो. अर्ज पासवर्डवाल्याकडे मिळतो. हा पासवर्डवाला म्हणजे आमच्या सगळ्या कॉम्प्युटरांचा रखवालदार. कोणाचंही काही अडलं की तो आधी दीर्घ श्वास घेतो आणि मग 'तुम्ही नक्की काय दाबलंत?' असं विचारतो. मी अर्ज भरून दिला. दुसऱ्या दिवशी तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला, कारण त्यावर नोंद विभागाची हरकत नसल्याची सही लागते. मी चष्मा पुसला, अर्ज तपासला आणि 'प्रयोजन मोघम आहे, खुलासा करावा' असा शेरा मारून परत पाठवला. तीस वर्षांची सवय, हात थांबत नाही. दुपारी अर्ज शेऱ्यासकट अर्जदाराकडे, म्हणजे पुन्हा माझ्याकडेच आला तेव्हा मला मनापासून राग आला. चार ओळींच्या अर्जात खोट काढणारा हा कोण टिकोजीराव? खाली सही पाहिली. मग गुपचूप खुलासा लिहिला. खोटं कशाला बोलू, खुलासा फार चांगला झाला होता. मंजूर केला. तसं पाहिलं तर त्या महिन्यात मला मुद्दाम कोणी पाठवलेलं ते एकमेव पत्र होतं.

बुधवारी पेन ड्राइव्ह हातात आला. माहिती काढून दिली ती खुद्द मौनीबाबांनीच. चार बटणं दाबली, मिनिटभर थांबले आणि पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. ठेवताना त्यांनी तोंड उघडलं होतं. पण मी घाईत होतो.

मुलगी सासरी जाताना जुना लॅपटॉप घरी सोडून गेली होती. त्यावर ती फाइल उघडली, तर दोन वर्षांची सगळी माहिती एकाच रकान्यात, एकाला एक चिकटून, मध्ये नुसते स्वल्पविराम. मुलीला फोन लावला. तिने सांगितलं तसं केलं, रकाने सुटे झाले. पण आकड्यांच्या जागी एकसारख्या जाळ्या आल्या.

"बाबा, रकाना अरुंद आहे. ओढून रुंद करा."

"आणि तारखा गं? चौथ्या महिन्याची तीन तारीख ही तिसऱ्या महिन्याची चार झालीय. तेराव्या तारखेपासून पुढे मात्र सगळं ठीक आहे."

"ते बदलावं लागेल, मी सांगते…" तेवढ्यात मागून नातवाने भोकाड पसरलं. "बाबा, नंतर करू?"

नंतर म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही. त्या घरात तेही 'बघू'मध्येच मोडतं.

मग खालच्या मजल्यावरचे ग्रंथपाल आले. हे गृहस्थ निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून कोणाच्याही घरात शिरले की आधी पुस्तकांचं कपाट नीट लावतात. माझ्याकडे कपाट नाही, म्हणून त्यांनी चपला नीट लावल्या. स्क्रीनकडे पाहून म्हणाले, "तुम्ही हे कार्डांवर का नाही करत?"

"सत्तेचाळीस हजार ओळी आहेत."

"मग कार्डंही तेवढीच लागतील," ते शांतपणे म्हणाले.

खरी मेख कारणांच्या रकान्यात होती. मशीन थांबवलं की ते कारण विचारतं. कागद संपला, शाई संपली, सफाई, जेवण, अशी ठरलेली कारणं इंग्रजीत असतात. यातलं काहीच नसेल तर 'इतर' निवडून दोन शब्द लिहावे लागतात, त्याशिवाय मशीन पुन्हा सुरू होत नाही. रोज अकरा वाजून पाच मिनिटांनी मौनीबाबांनी मशीन थांबवलं होतं, 'इतर' निवडलं होतं आणि काहीतरी लिहिलं होतं. काय लिहिलं होतं? तर प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं.

"म्हणजे त्यांनाही माहीत नाही की काय?" मी म्हणालो.

"छे! प्रत्येक ठिकाणी संख्या वेगळी आहे," ग्रंथपाल पुढे वाकले. "हे बघा, इथे सात. इथे तेवीस. ही सांकेतिक पद्धत असणार. आधी वर्गीकरण करा, अर्थ आपोआप बाहेर येतो. सगळ्या ज्ञानाचा पाया वर्गीकरण आहे."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं ऐकू नये, हे मला कळतं. पण ते दोन तास माझ्याकडे बसले होते. चौदा महिन्यांत माझ्या घरात इतका वेळ कोणी बसलेलं नव्हतं. त्यांनी मोजायचं आणि मी लिहायचं, असं आम्ही दोन संध्याकाळी केलं. सात प्रश्नचिन्हांची कारणं वेगळी, बारांची वेगळी, तीसच्या वरची वेगळी. शेवटी पाच रंगांचं गोल चित्रही काढलं. ग्रंथपाल जायला निघाले तेव्हा मी म्हणालो, "चहा घ्या ना अजून एक." ते म्हणाले, "नको, झोप येत नाही मग." त्यांच्यामागे मी चपलांकडे पाहत बसलो. जोड एकच होता, पण नीट लावलेला.

शुक्रवारी बाईंनी ते गोल चित्र बराच वेळ पाहिलं.

"काका, ही प्रश्नपत्रिका आहे का?"

"वर्गीकरण आहे, मॅडम."

"सर्वात मोठं कारण, बारा प्रश्नचिन्हं. हे मी मुख्य कचेरीला पाठवू?"

पासवर्डवाला समोरच बसला होता. तो हसला नाही. नुसता दीर्घ श्वास घेतला, आणि ते जास्त लागलं. माझा चेहरा तापला. काहीतरी करून इज्जत वाचवायची म्हणून मी हुकमाचं पान टाकलं. ते मला गुरुवारी, उलटलेल्या तारखा हाताने सुधारताना, सापडलं होतं. एरवी मशीन अर्धा तास बंद असायचं, पण गेल्या वर्षात नऊ दिवस असे होते की ते तासापेक्षा जास्त वेळ बंद होतं. आणि ते नऊही दिवस मी रजेवर होतो.

"बघा मॅडम," मी टेबलावर बोट आपटत म्हणालो. "मी नसलो की हा माणूस तास-तास मशीन बंद ठेवतो. मांजर नसलं की उंदरांचं राज्य, दुसरं काय!"

हे बाईंना पटलं. पहिल्यांदाच त्यांनी माझं बोलणं लिहून घेतलं. "ठीक आहे. सोमवारी सकाळी पक्का अहवाल द्या, मी बदलीचं पत्र तयार ठेवते." मी जिंकलो होतो.

दारात पासवर्डवाल्याने गाठलं. "साहेब, फाइल उघडताना तुम्ही नक्की काय दाबलंत? मौनीबाबांनी मराठीत लिहिलं असणार. तुम्ही भलत्या पद्धतीने उघडून सेव्ह केलीत, म्हणून अक्षरांची प्रश्नचिन्हं झाली. मूळ फाइल असेल ना पेन ड्राइव्हवर? ती अशी उघडा." आणि त्याने एका चिठोऱ्यावर तीन ओळी लिहून दिल्या. दोन संध्याकाळी आम्ही दोन शहाणे अक्षरं मोजत बसलो होतो.

शनिवारी दुपारी घरी पाव आणि उकडलेलं अंडं खाता खाता मी मूळ फाइल चिठोऱ्याप्रमाणे उघडली. 'इतर'च्या रकान्यात अक्षरं आली.

'नोंदवाले साहेब येतील.'

त्याच्याखाली दुसऱ्या दिवशी, 'साहेब यायची वेळ झाली.' तिसऱ्या दिवशी, 'साहेबांसाठी. मशीन चालू असलं की बोललेलं ऐकू येत नाही.'

अंडं हातात तसंच राहिलं. मी खाली खाली जात राहिलो. 'साहेब आले. आकडा घेतला. गेले.' 'साहेब आले. आज काहीतरी बोलतील असं वाटलं.' 'साहेब खोकत होते. विचारायचं राहिलं.' 'साहेबांच्या शर्टाचं बटण चार दिवस तुटलेलं आहे. घरी कोणी नसावं.' 'साहेब घाईत.' 'साहेब घाईत.' मशीन एकदम बंद करता येत नाही. दहा मिनिटं हळू व्हायला, पंधरा पुन्हा वेग घ्यायला. मी यायच्या दहा मिनिटं आधी ते थांबवायला घ्यायचे. मी आलो की शांतता असावी म्हणून.

आणि ते नऊ दिवस. माझे रजेचे. 'साहेब आले नाहीत. थोडी वाट पाहतो.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी पाच रंगांचं चित्र काढून मारला होता.

आधी मला राग आला, तो त्यांच्यावरच. बोलायचं होतं तर बोलायचं ना! मी काय वाघ आहे? मग फाइलमध्येच आणखी एक रकाना दिसला, त्या खोलीचं दार उघडल्याची आणि लागल्याची वेळ. मी सरासरी काढली. ती आता मला येते. मी त्या खोलीत रोज पन्नास सेकंद थांबत होतो.

पन्नास सेकंदांत माणूस काय बोलणार? चौदा महिने मी जगाच्या नावाने बोटं मोडत होतो, की माझ्याशी कोणी बोलत नाही. आणि एक माणूस माझ्यासाठी खोलीएवढं मशीन रोज बंद करून उभा राहत होता, अकरा वर्षं, आणि मी त्याला मान हलवून परत येत होतो. मला रडू आलं. पंख्याखाली एकटाच बसून रडलो, आणि रडताना आपण कसे दिसत असू याची लाजही वाटली. संध्याकाळी बायकोचा फोन आला. "आवाज असा का?" ती म्हणाली. मी म्हणालो, "सर्दी." तिने फोन नातवाकडे वळवला.

सोमवारी अहवाल दिला. पाच रंग नाहीत, चित्र नाही. मशीन बंद राहण्याचं कारण, असं लिहून पुढे लिहिलं, 'नोंद विभागप्रमुख.'

"म्हणजे तुम्ही?" बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी."

"पण शुक्रवारी तर तुम्ही म्हणालात, मांजर नसलं की…"

"मॅडम, ते चुकलं. मी आकडा घ्यायला जातो म्हणून ते मशीन थांबवतात. मी गेलो नाही तर वाट बघतात. त्यांचा दोष नाही. गोदामात पाठवायचंच असेल तर मला पाठवा."

वाटेत हे वाक्य मी चार वेळा म्हणून पाहिलं होतं. बाई उठून उभ्या राहतील, निदान डोळे मोठे करतील असं वाटलं होतं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या चक्क हसल्या.

"अहो काका, मग सोपं आहे! आता आकडे स्प्रेडशीटमध्ये आपोआप येणार. तुम्ही कशाला तिकडे जायचं? तुमची फेरी बंद, मशीन चालू, कोणाची बदली नाही. सुंठीवाचून खोकला गेला!" त्यांनी तिथल्या तिथे मौनीबाबांना निरोप पाठवला, की नोंदवाले साहेब आता येणार नाहीत, मशीन थांबवू नये. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "फार छान काम केलंत." तीस वर्षांत अशी शाबासकी पहिलीच. ती घेऊन मी टेबलाशी येऊन बसलो.

मंगळवारी सव्वाअकराला मी रजिस्टर उचललं आणि परत ठेवलं. बुधवारीही. रोज संध्याकाळी फाइल आपोआप यायची. मी सगळ्यात आधी 'इतर'चा रकाना बघायचो. कोरा. एक अक्षर नाही. अहवाल इतका स्वच्छ झाला की मुख्य कचेरीने तो इतरांना नमुना म्हणून पाठवला.

फाइलमध्ये आणखी एक ओळ रोज यायची. 'जेवण, एक चाळीस ते दोन दहा.' मी एक वाजता माझ्या टेबलावरच, फायलींवर वर्तमानपत्र पसरून खातो. शुक्रवारी एक वाजता मी डबा उघडला नाही. एक चाळीसला तो उचलून कँटीनमध्ये गेलो.

मौनीबाबा कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. ते टोप्या काढाव्यात तसा कानांकडे हात नेत उभे राहिले. कानांवर काही नव्हतं.

"बसा, बसा," मी म्हणालो आणि बसलो.

आम्ही जेवलो. दहा मिनिटं गेली. अकरा वर्षांचं तुंबलेलं, आणि दोघांनाही काही सुचेना. ते घास चावत होते, मी घास चावत होतो. मी मनात विषय शोधत होतो. हवा? कागद? शाई? आजूबाजूला सगळे गप्पा मारत होते, पलीकडच्या टेबलावर बाईही होत्या. आता उठावं, हे आपल्याला जमणारं नाही, असं माझ्या मनात आलं.

"साहेब! वहिनी गावाला गेल्यात का?"

माझा चमचा खाली पडला. माणूस बोलला नव्हता, भोंगा वाजला होता. इतकी वर्षं त्या आवाजात काढून त्यांचे कान गेलेले, आणि आपण किती मोठ्याने बोलतो याचा त्यांना पत्ता नव्हता. ते कोणाशी का बोलत नाहीत, ते मला तेव्हा कळलं. कोणीतरी कधीतरी हसलं असेल. आत्ताही दोघं हसले. मौनीबाबांच्या ते लक्षात आलं, त्यांनी मान खाली घातली.

"हो," मी घाईने म्हणालो. "मुलीकडे."

त्यांनी कानामागे हात धरला. मी मोठ्याने म्हणालो, "हो! मुलीकडे!"

"कधी येणार?"

'पुढच्या महिन्यात' तोंडावर आलंच होतं. पण ते जिन्यात, हळू आवाजात सांगायचं उत्तर आहे. ओरडून सांगायला जमेना.

"माहीत नाही."

"काय?"

"माहीत नाही!"

गप्पा थांबल्या. बाईंनी वळून पाहिलं. मौनीबाबांनी मान हलवली, ऐकू आलं नाही म्हणून, आणि टेबलावरून वाकून आपला उजवा कान माझ्याजवळ आणला.

"येणार नाही बहुतेक!" मी ओरडलो. "ती येणार नाही आता!"

हे मी मुलीला बोललो नव्हतो, बायकोला बोललो नव्हतो, स्वतःलाही नाही. आता ते कँटीनमधल्या चाळीस माणसांनी ऐकलं होतं. मला वाटलं होतं लाजेने जीव जाईल. तसं काही झालं नाही.

मौनीबाबा कान तसाच पुढे धरून बसले होते. घड्याळात दोन वाजले होते, दहा मिनिटं बाकी होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं, भोंग्याच्याच आवाजात.

मी डबा बाजूला सरकवला आणि पहिल्यापासून सांगायला लागलो, ओरडूनच.